अर्ध्या गोधडीचा आहेर

गोधडी शिवणाऱ्या बाईला भेट काय द्यावी, हा प्रश्न आमच्या राइट टाउनात कुणालाही पडत नाही. सगळे कापड देतात. मुंजीत आलेला ब्लाउजपीस, ओटीतला न शिवलेला खण, आजोबांची धोतरं, उतरवलेले पडदे, मुलाच्या कॉलेजातल्या जीन्स. वर सांगतात, "तुम्ही शिवता ना, म्हणून मुद्दाम वेगळं काढून ठेवलं होतं." मुद्दाम वेगळं काढलं म्हणजे बोहारणीने घ्यायला नकार दिला, हे आमच्या वहिनींना पक्कं ठाऊक आहे. तरी त्या हसून घेतात, घडी घालतात आणि दिवाणात टाकतात. दिवाणाचं झाकण आता नीट बसत नाही. त्यावर बसलेला पाहुणा किंचित पुढे झुकलेला असतो आणि आम्ही त्याला नम्र समजतो.

जबलपूर हे काही कापडाचा तोटा पडावा असं गावही नव्हे. इथले तयार सलवार-सूट दूरदूरच्या बाजारांत जातात. गोहलपूरच्या बाजूला गल्लोगल्ली मशिनी चालतात आणि संध्याकाळी त्यांच्या पायाशी कतरन साठते. आमच्या दूधवाल्याचा मेहुणा अशाच एका कारखान्यात आहे. त्याने एकदा कतरनीचं अख्खं पोतं आणून दारात टाकलं. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. पोत्यातलं बहुतेक कापड सिंथेटिक निघालं. सिंथेटिक सुईखाली सरकतं, घाम टिपत नाही आणि दोन धुण्यांनंतर शेजारच्या सुती तुकड्याशी फटकून वागतं. गोधडीच्या पोटात लागतं ते मऊ पडलेलं, वर्षानुवर्षं अंगावर नांदलेलं सुती लुगडं. ते कुणी देत नाही. बहुतेकांकडे उरलेलं नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे ते आईचं आहे.

दिवाणात या कापडाच्या खाली अर्ध्या गोधड्या आहेत. खरा विषय तो. कुणाच्या तीन बाजू झाल्यात, कुणाचे नुसते कच्चे टाके घातलेत, एक तर अशी आहे की वरचा थर पुरा जोडून झाला आणि मग त्याला शोभेल असं अस्तरच मिळालं नाही. सगळ्यांत खाली आहे ती वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा गोंदियाहून गाठोड्यात आलेली. तेव्हा गोंदिया-जबलपूर छोटी गाडी होती, अडीच फुटी रुळांवरची, बालाघाट-नैनपूर करत जंगलातून येणारी. वहिनी हाऊबागला उतरल्या तेव्हा मी शाळकरी पोर होतो. ते गाठोडं मीच धावत जाऊन उचललं, कारण मला वाटलं त्यात खाऊ असेल. ती छोटी लाइन मोठी करायचं काम नव्वदच्या दशकात मंजूर झालं. जबलपूरकडची छोटी गाडी थांबली 2015 साली, आणि सगळ्या मार्गावर मोठी गाडी धावायला त्यानंतरही पाचेक वर्षं गेली. पण धावली. गोधडी अजून व्हायची आहे. मी हे एकदा बोलून दाखवलं, तर वहिनी मान वर न करता म्हणाल्या, "भाऊजी, रेल्वेला स्वयंपाक नसतो."

या अर्ध्या गोधड्यांचा सगळ्यांना एकदमच उपयोग झाला तो 1997 च्या मे महिन्यात. 22 तारखेला पहाटे भूकंप झाला आणि नंतर कित्येक रात्री गाव भीतीने बाहेर झोपलं. राइट टाउनात तेव्हा अंगणं होती. (आता तिथे नर्सिंग होम आहेत. भूकंप झालाच तर उपचारांची सोय चांगली आहे.) दिवाण रिकामा करून सगळं बाहेर अंथरलं. कच्च्या टाक्यांची गोधडी पाठीला पक्क्या टाक्यांपेक्षा कमी टोचते, हा शोध आमच्या घराला त्या रात्रींत लागला, आणि पुढे पुष्कळ वर्षं वहिनींनी तो अपुऱ्या कामाच्या समर्थनार्थ वापरला.

गोधडी अर्धी का राहते, याचा विचार मी निवृत्तीनंतर सुरू केला. निवृत्तीनंतर माणूस कशातही लक्ष घालतो. माझ्या मते त्याचं मूळ तिच्या जन्मदिवसातच आहे. गोधडी घालायची त्या दिवशी घरात सण असतो. दिवाणखान्यातलं सामान भिंतीला लावतात, सतरंजीवर अस्तर ताणून पसरतात, चार कोपऱ्यांवर पाट, वरवंटा, पितळी तांब्या आणि एक लहान मूल बसवतात. मग आतले थर, मग वरचा. घरातलं प्रत्येक माणूस सुरकुत्या काढायला गुडघ्यावर येतं. रंग कुठला कुठे, यावर मतं दिली जातात. ज्यांना सुई धरता येत नाही त्यांची मतं जास्त ठाम असतात. कच्चे टाके पडतात, चहा होतो, सगळे उठून जातात. मागे उरते ती एक बाई आणि पलंगभर काम.

त्यातून आमच्याकडची रीत काठापासून आत शिवत जायची. बाहेरून एक चौकोन, त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. अमेरिकेत बायका बहुधा उलट करतात, मधून काठाकडे, म्हणजे कापडाची सळ बाहेर निघून जाते. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायकांची कवंदी मात्र आमच्यासारखीच काठापासून आत जाते. तिच्या चारही कोपऱ्यांना त्या घडी घातलेल्या कापडाची तिकोनी फुलं लावतात, आणि त्या फुलांवाचून कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. म्हणजे शेवट कुठे, हे त्यांनी तरी ठरवून ठेवलं आहे. आमचा शेवट मध्यभागी. काठ सोपा असतो, मांडीवर येतो. जसजसं आत जावं तसतसा हात पोचेनासा होतो. गोधडी गुंडाळून घ्यावी लागते, नाहीतर सरळ तिच्यावर जाऊन बसावं लागतं. म्हणजे काम संपत येतं तसं ते जड होत जातं, आणि तोवर शिवणारीचे गुडघेही पुढे गेलेले असतात. शेवटी मधला हातभर चौकोन उरतो. आमच्या दिवाणातल्या बहुतेकींचा तेवढाच उरला आहे.

अशा बाईला कापड देणं म्हणजे तिच्या हातात आणखी एक सुरुवात देणं. सुरुवाती तिच्यापाशी भरपूर आहेत.

उपयोगाची पहिली भेट वहिनींना मी दिली, तीही फुकटात, आणि तेव्हा ती भेट आहे हे मला ठाऊक नव्हतं. शाळेत जाण्याआधी डझनभर सुया ओवून त्या भिंतीवरच्या कापडी पोपटाच्या पोटात ओळीने टोचून ठेवायच्या, हे माझं काम होतं. मजुरी गूळ-शेंगदाणे. सुई ओवायला वेळ तो कितीसा लागतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी शिवणाऱ्या बाईकडे कधी पाहिलेलं नाही. दोरा संपला की तिचं डोकं वर होतं, डोकं वर झालं की घड्याळ दिसतं, घड्याळ दिसलं की कणीक मळायची राहिल्याचं आठवतं. ओवलेली सुई हाताशी असली की डोकं खालीच राहतं. माझ्यानंतर हे काम पुतणीकडे गेलं, आणि पुतणी न्यू जर्सीला गेली. आता घरात सुई ओवण्याच्या वयाचं कुणी नाही. वहिनी सुई हातभर लांब धरतात, मी चष्म्याच्या वरून बघतो आणि दादा दिवा कुठे सरकवायचा ते सांगतात. तिघे मिळून एक सुई ओवतो. त्यात चहाची वेळ होते.

यावर उतारा म्हणून बडा फुहाऱ्याकडच्या शिवणसामानाच्या दुकानात एक वस्तू मिळते. टिनची नखाएवढी चकती, तिच्यावर कुण्या मडमेचं एका बाजूने तोंड उठवलेलं, आणि पुढे केसासारख्या तारेचं टोकदार कडं. कडं नेढ्यातून घालायचं, कड्यात दोरा घालायचा, मागे ओढायचं. किंमत इतकी किरकोळ की दुकानदाराला ती सांगायची लाज वाटते. मात्र ही तार फार नाजूक. जाड दोरा ओढला की थोड्या दिवसांत तुटते, म्हणून एक आणण्यात अर्थ नाही. मी डझन आणल्या. "काऊन एवढ्या?" असं म्हणत वहिनींनी त्या डबीत टाकल्या, आणि महिन्याभराने रिकामी डबी माझ्यापुढे धरली. मी दिलेल्या कुठल्याही भेटीला जन्मात एवढी दाद मिळालेली नाही.

दादांची भेट याच्या बरोबर उलट निघाली. लग्नाच्या एका वाढदिवसाला त्यांनी सराफ्यातून चांदीचं अंगुस्तान घडवून आणलं. त्यावर वेलबुट्टी, आत मखमल, डबीला कडी. दादांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही, पण चांदी मऊ असते. गोधडीचे चार-पाच थर पार करायचे तर सुईला मागून जोर लावावा लागतो, आणि पोलादी सुई चांदीच्या पत्र्यातून आरपार जाऊन बोटात घुसते. हे दुखणं जुनं आहे. इंग्लंडात हॅलिफॅक्सचा एक जवाहिऱ्या, चार्ल्स हॉर्नर, याने त्यावर 1884 साली तोड काढली. चांदीच्या दोन पातळ थरांच्या मधे पोलाद घालून त्याने 'डॉर्कस' नावाच्या अंगुस्तानाचं पेटंट घेतलं. बायकोला चांदी दिसावी आणि बोटाला पोलाद लागावं, दोन्ही साधलं. आमच्या सराफ्यापर्यंत ही युक्ती पोचली नाही. दादांच्या अंगुस्तानात आता देव्हाऱ्यात अक्षता असतात. वहिनींच्या बोटात आहे ते एका शिंप्याकडून घेतलेलं, वरून उघडं, झिजलेलं पितळी. दादा अधूनमधून विचारतात, "ते तू घालत नाहीस का गं?" वहिनी म्हणतात, "सणाला घालते की."

मग पुतणीचं पर्व आलं. ती तिकडे गोधड्या शिवायला शिकली, इकडे दहा वर्षं आईशेजारी बसून शिकली नव्हती ती. तिकडे या उद्योगाला केवढा बाजार आहे, हे तिच्या बॅगा उघडल्यावर कळलं. पहिल्या खेपेला तिने गोल पात्याचा कटर आणला. जपानमधल्या ओसाकाच्या ओल्फा कंपनीने तो 1979 मध्ये बाजारात आणला. त्याच कंपनीच्या संस्थापकाने 1956 साली टोक मोडून नवी धार काढायचा चाकू शोधला होता, आणि ती कल्पना त्याला खाच पाडलेल्या चॉकलेटच्या वडीवरून सुचली होती. ओल्फाचा खाण्याच्या पदार्थांशी असा जुना संबंध असल्यामुळे असेल, वहिनींनी कटर हातात घेतला, फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "कातणं छान आहे, पण याला नागमोडी नाही." त्या दिवाळीत आमचे शंकरपाळे पट्टीने आखल्यासारखे झाले. पोळपाटावर मात्र जन्मभराच्या रेघा उमटल्या. पुढच्या खेपेला पुतणीने हिरवी जाड चटई आणली, जिच्यावर पडलेल्या चिरा आपोआप मिटतात. वहिनींनी आधी चटईकडे पाहिलं, मग पोळपाटाकडे, आणि काही बोलल्या नाहीत.

कटर उत्तमच आहे. चार घड्या एकदम लोण्यासारख्या कापतो. पण नीट विचार केला तर तेही सुरुवातीचंच हत्यार. कापणं झपाट्याने होऊ लागलं तसे वहिनींचे नवे वरचे थर भराभर जोडून होऊ लागले, म्हणजे अर्ध्या गोधड्यांचं उत्पादन वाढलं. तिसऱ्या खेपेला एक सुंदर पुस्तक आलं, गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर केलेलं. वहिनींनी ते दुपारभर पान पान करत पाहिलं. आम्हाला वाटलं त्या रंगसंगती बघताहेत. शेवटी मिटून ठेवत म्हणाल्या, "सगळ्या पुऱ्या झालेल्याच घेतल्यात हिनं."

त्या सगळ्या सामानात तळाला एक बारीकशी वस्तू होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. प्लॅस्टिकची मूठ, पुढे दोन दात, एक लांब अणकुचीदार, दुसरा आखूड आणि त्याच्या टोकाला लाल मणी. उसवणी. माझ्या मते या धंद्यातली ही सर्वांत मोलाची भेट. अर्धी गोधडी दिवाणात जाते ती दर वेळी आळसामुळे जात नाही. कुठेतरी एक ओळ वाकडी गेलेली असते, किंवा खालचं अस्तर दुमडून शिवलं गेलेलं असतं. ते उलटून पाहिल्यावरच कळतं, आणि कळतं तेव्हा हातभर पुढे गेलेलं असतं. उसवायचं जिवावर येतं, तसंच पुढे न्यायला मन धजत नाही. मग घडी घालायची आणि "उद्या बघू" म्हणायचं. वहिनी पूर्वी दाढीच्या ब्लेडने उसवत. त्यात टाक्याबरोबर कापडही फाटे आणि उद्या आणखी लांब जाई. उसवणीचा लाल मणी कापडावरून घसरत जातो, दोन दातांच्या खाचेतली धार नेमका दोरा कापते, लुगड्याला ओरखडा पडत नाही. त्या पावसाळ्यात दिवाणातून दोन गोधड्या वर आल्या. एकीच्या घडीत जुन्या बसचं तिकीट निघालं, दुसरीच्या घडीत दादांचं हरवलेलं रेशनकार्ड.

याहूनही सोपा मार्ग पुतणीने सुचवला होता. तिकडे म्हणे लांब हाताची मोठी मशिनं असतात, ती चालवणाऱ्या बायका असतात. आपण वरचा थर नेऊन द्यायचा, त्यांनी मधे पातळ गादी आणि खाली अस्तर घालून सगळं शिवून द्यायचं, चौरस इंचावर दर. आईच्या साठीला हीच भेट द्यावी, तिचे सगळे थर घेऊन जावेत आणि पुऱ्या झालेल्या गोधड्या पाठवाव्यात, असा तिचा बेत. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे वरचा थर माझा आणि टाके तिचे?"

"आई, तुझा त्रास वाचेल."

"मग पांघरू दे की तिलाच."

विषय तिथे संपला. मला यात वहिनींची बाजू पटते. गोधडीत रंग आहेत, पण गोधडी म्हणजे टाके. धुऊन धुऊन रंग जातात आणि मग शेवटी टाक्यांचा उंचसखलपणाच अंगाला जाणवत राहतो.

आता एवढं करून ती हवी आहे कुणाला, असंही विचारणारे आहेत. जबलपूरची थंडी काही दिखाऊ नाही. जानेवारीत पहाटे पारा पाच-सहा अंशांना टेकतो आणि नर्मदेवरून येणारा वारा मराठी-हिंदी असा भेद करत नाही. पण हल्ली प्रत्येक लग्नात आणखी काही येवो न येवो, एक मिंक ब्लँकेट येतं. वाघाच्या नाहीतर गुलाबाच्या चित्राचं, चेन लावलेल्या पारदर्शक पिशवीत, पानिपतहून. 1761 नंतर मराठी माणसाने पानिपतापुढे पुन्हा हार खाल्ली ती अंथरुणात. मात्र मिंक फक्त कडाक्याच्या थंडीचं. भाद्रपदात पावसाने गारवा आला, रात्री पंखाही हवा आणि पायही झाकायला हवेत, अशा वेळी घरातले सगळे हळूच गोधडी शोधतात. दादांना तर अंगावर वजन असल्याशिवाय झोप येत नाही. मिंक त्यांना हलकं वाटतं. ते त्यावर गोधडी घेतात.

अवजारांच्या पलीकडे एक भेट राहते, ती म्हणजे वेळ. आमच्या गावात वेळेची चंगळ असलेले कारागीर इतिहासात एकदाच होऊन गेले. इंग्रज अधिकारी स्लीमनने ठगांचा बंदोबस्त केल्यावर जे माफीचे साक्षीदार झाले त्यांच्यासाठी 1837 च्या सुमारास जबलपुरात उद्योगशाळा निघाली. कॅप्टन चार्ल्स ब्राउन तिचा कारभार पाहत. ज्या हातांनी रुमालाचा फास टाकला त्या हातांना तंबू शिवायला आणि गालिचे विणायला लावलं, आणि त्या मालाने नावही कमावलं. मला नेहमी वाटतं, त्यांची कामं पुरी व्हायचं कारण शिस्त नव्हे. त्यांच्याकडे पाहुणे येत नसत, कुणाच्या घरचं केळवण नसे, गॅसचा सिलिंडर ऐन फोडणीत संपत नसे. घरगुती उपाय म्हणून हा अर्थात सुचवता येत नाही. दादांनी एकदा एक रविवार वहिनींना भेट दिला. स्वयंपाकघर माझं, तू बस शिवत, म्हणाले. वहिनी बसल्या. दादांनी आतून विचारलं, मोहरी कुठे. मग विचारलं, ही मोहरी की नाचणी. मग हिंग. मग, "भाजी लागली तर काय करतात?" एव्हाना सुई ओवण्यापेक्षा डोकं वर व्हायला हे कारण फार मोठं होतं. दुपारी वहिनी गोधडी घडी घालून उठल्या, कढई घासली आणि सगळ्यांना पिठलं-भात केला.

तरी वहिनींच्या हातून एक वस्तू कधी अपुरी राहिलेली नाही. दुपटं. नात्यातल्या, ओळखीतल्या, एकदा तर दोन घरं सोडून राहणाऱ्या भाडेकरूच्या बाळालाही वेळेवर दुपटं गेलं. आकार लहान, हे खरं. पण त्याच आकाराची उशीची खोळ त्यांच्याकडे कधीपासून पडून आहे. दुपट्याचं रहस्य असं की त्याला तारीख असते. बाळंतविड्यात कुंची, झबली, दुपटं जायचंच, आणि बारशाच्या आत जायचं. बाई सुटल्याचा फोन आला की हातात बारा दिवस, त्यात बाळ तिथीची सवलत देत नाही. त्या बारा दिवसांत वहिनींना दादांनी काहीही विचारलेलं ऐकू येत नाही. कुणी तरी वाट बघतंय आणि ते थांबणार नाही, एवढ्यावर दुपटं पुरं होतं. मोठ्या गोधडीची वाट बघणारं कुणी नसतं. घरातल्यांना मिंक आहे.

हे लक्षात आल्यावर मी एक उद्योग केला. शेजारच्या भाभींना वहिनींची निळी-केशरी गोधडी फार आवडे, जिचा मधला चौकोन राहिला होता ती. मी त्यांना सांगून टाकलं की ती तुमचीच आहे, वहिनींनी तुमच्यासाठीच काढलीय. वहिनींना हे संध्याकाळी कळलं. त्यांनी माझ्या ताटात त्या रात्री तूप वाढलं नाही. पण शब्द गेला होता, आणि भाभी या शब्दाला चिकटून राहणाऱ्यांपैकी. दोन दिवसांनी दारात हाक आली, "दीदी, मेरी वाली कहाँ तक पहुँची?" मग दर दोन दिवसांनी. येताना कधी खोव्याची जिलबी आणायच्या, कधी नुसत्या बातम्या. कापड मात्र एकदाही आणलं नाही. येऊन समोर बसायच्या, गोधडीचं दुसरं टोक मांडीवर ओढून ताणून धरायच्या आणि मदन महलपासून रसल चौकापर्यंत कुणाचं काय चाललंय ते सविस्तर सांगायच्या. टोक ताणलेलं असलं की मधल्या चौकोनात हात पोचतो, हे आम्हाला इतकी वर्षं सुचलं नव्हतं. आम्ही गुडघ्यांना तेल चोळत होतो.

तगादा आणि ताण, दोन्ही एकाच बाईकडून मिळाल्यावर गोधडी किती भराभर होते म्हणता. दत्तजयंतीला गोलबाजारच्या दत्तमंदिरात जायच्या आदल्या दिवशी वहिनींनी मधोमध शेवटचा टाका घातला, गाठ आत लपवली, दोरा दाताने तोडला. मी लगेच भाभींना बोलावलं, न जाणो वहिनींचा विचार बदलायचा.

भाभींनी गोधडी पलंगावर पसरली. एका बाजूने पाहिली, उलटून दुसऱ्या बाजूने पाहिली, टाक्यांवरून तळहात फिरवला. "बहुत ही सुंदर है, दीदी," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "बस, ये एक कोना... ये नीला कुछ ज़्यादा नीला नहीं लग रहा?"

वहिनींनी कोपऱ्याकडे पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग गोधडी हलकेच आपल्याकडे ओढून घेतली.

"भाऊजी, ती उसवणी कुठे ठेवलीत तुम्ही?"